हात फुगला म्हणजे काय?

(क्षयरोगाच्या चाचण्या आणि दवाखान्यातील माणसे या विषयावर संस्थेच्या सभागृहात, कळंबा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक कबुली दिलेली बरी. आम्ही डॉक्टर नव्हे. कलाशाखेची पदवी आणि बँकेतील कारकुनी एवढीच आमची शिदोरी. तरीही कार्यकारिणीने हा विषय आमच्याकडे दिला, त्याचे कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आमची धाकटी बहीण परिचारिका आहे. सतरा वर्षे तिने वॉर्डात काढली आणि अठराव्या वर्षी तिला क्षय झाला. आज ती बरी आहे, कामावर आहे. "माझं आणि दवाखान्याचं नाव घेऊ नकोस दादा, बाकी काय सांगायचं ते सांग," असे तिने बजावले आहे. तिचा शब्द आम्ही पाळणार आहोत.

या सभागृहात नजर टाकली तर दिसते की, कुणाची मुलगी नर्सिंगला आहे, कुणाचा मुलगा लॅब टेक्निशियनचा कोर्स करतो आहे, कुणाची आई आया आहे, कुणाचे वडील सफाई कामगार म्हणून निवृत्त झाले. दवाखाना आपल्या माणसांना रोगी म्हणून जितका माहीत आहे तितकाच नोकर म्हणूनही माहीत आहे. म्हणून क्षयाच्या चाचणीविषयी दवाखान्यात काम करणाऱ्यांना काय वाटते, हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

आपल्या कोल्हापूरच्या इतिहासातील एक गोष्ट विद्यार्थ्यांना ठाऊक असावी. डॉ. आनंदीबाई जोशी अकरा मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्यांची नेमणूक झाली ती आपल्या कोल्हापुरात, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाकडे. तेच पुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झाले, आपण ज्याला सीपीआर म्हणतो ते. पण आनंदीबाई त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. परदेशातून आल्या त्या आजारी होऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनला क्षयाचा जंतू जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी. त्याला तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. क्ष-किरण १८९५ चे, मांटूची चाचणी १९०८ ची. स्वतः डॉक्टर असलेल्या बाईच्या छातीत काय चालले आहे हे वेळेत सांगणारी साधने त्या काळी कुणाकडे नव्हती.

आज साधने आहेत. आमच्या बहिणीच्या वेळी तर होतीच होती. मग काय घडले?

तिच्या दवाखान्यात एके वर्षी सर्व परिचारिकांची मांटू चाचणी झाली. पुढच्या हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या थरात, ट्युबरक्युलिन नावाच्या द्रव्याचा एक दशांश मिलिलिटर टोचतात. ४८ ते ७२ तासांत ती जागा कडक होऊन फुगली की किती मिलिमीटर फुगली ते मोजतात. लाली मोजायची नाही, कडकपणा मोजायचा. साधारणपणे दहा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर चाचणी सकारात्मक धरतात. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्या जणी बांगड्यांची मापे जुळवावीत तशी मापे जुळवत होत्या, असे बहीण सांगते. हिची बारा, तिची चौदा, आमच्या बहिणीची सतरा. एक ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, "फुगणारच की गं! लहानपणी बीसीजी टोचलंय, वर इतक्या वर्षांची नोकरी. नाही फुगली तरच नवल." सगळ्या हसल्या. आकडे एका कागदावर लिहिले गेले, कागद फायलीत गेला, फाईल कपाटात गेली. छातीचा फोटो नाही, खोकला-तापाची विचारपूस नाही, काही नाही.

आता विषय समजण्यासाठी एक फरक नीट ध्यानात घ्यावा लागेल, आणि तो आम्ही बँकेच्या भाषेत सांगतो. खाते उघडलेले असते, त्यात रक्कमही असते, पण दोन वर्षे व्यवहार झाला नाही की आम्ही त्या खात्याला निष्क्रिय म्हणतो. क्षयाची लागण म्हणजे असे निष्क्रिय खाते. जंतू शरीरात आहे, पण व्यवहार बंद. असा माणूस खोकत नाही, खंगत नाही आणि दुसऱ्याला लागणही देत नाही. अशा शंभरातील सुमारे पाच ते दहा जणांचेच खाते आयुष्यात कधीतरी चालू होते आणि मग त्याला क्षयरोग म्हणतात. लागण नवी असताना, पहिल्या दोन वर्षांत, धोका जास्त. मधुमेह, कुपोषण, एचआयव्ही असेल तर आणखी जास्त. मांटू असो की रक्ताची नवी चाचणी असो, या दोन्ही "खाते आहे की नाही" एवढेच सांगतात. ते चालू आहे का, केव्हा उघडले, पुढे चालू होईल का, यातले काहीही त्यांना सांगता येत नाही. रोग आहे की नाही ते पाहायला थुंकी आणि छातीचा फोटो लागतो.

हा फरक आपल्यासारख्या सामान्यांना माहीत नसेल तर समजू शकते. दवाखान्यातल्यांना तो पुस्तकात माहीत असतो, पण स्वतःच्या हातावर माप उमटले की तो डोक्यातून निघून जातो. बहिणीच्या आजारानंतर तिच्या ओळखीच्या बऱ्याच जणांशी आमचे बोलणे झाले. तेव्हा एक गंमत ध्यानात आली. ज्याच्या हातात जी चाचणी, त्याचा तिच्यावर विश्वास, आणि बाकीच्या सगळ्या संशयित.

लॅबमधले एक गृहस्थ तीस वर्षे थुंकीच्या काचा बघताहेत. ते म्हणाले, "भिंगाखाली लाल काडी दिसली तर टीबी. बाकी सगळं अंदाजपंचे." त्यांच्या निष्ठेबद्दल आदर आहे, परंतु थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये हजारोंनी जंतू असल्याशिवाय ती काडी भिंगाखाली सापडत नाही. त्यापूर्वीचा रोगी निसटतो. फोटो काढणाऱ्यांचा भर फोटोवर. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या क्षयरोग पाहणीत असे आढळले की छातीचा फोटो काढला नसता तर शंभरातील बेचाळीसहून अधिक रोगी सापडलेच नसते, कारण त्यांना सांगण्यासारखी लक्षणे नव्हती. परंतु फोटोतला डाग जुन्या आजाराचाही असतो, दुसऱ्या आजाराचाही असतो. तरुण डॉक्टर मंडळी सीबीनॅट आणि ट्रूनॅट या यंत्रांची भक्त. यांत जंतूचा अंश ओळखला जातो, रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही कळते, आणि सारे दोनएक तासांत. ट्रूनॅट बनवणारी कंपनी आपल्या शेजारच्या गोव्याची आहे आणि तिच्या यंत्राला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, ही अभिमानाची गोष्ट. पण यंत्रालाही थुंकी द्यावी लागते. इथेच घोडे अडते. दिवसभर रोग्यांना "सकाळची पहिली थुंकी, लाळ नको" असे समजावून डबी देणारी माणसे स्वतःची डबी द्यायला मात्र लाजतात.

रक्ताच्या चाचणीची कथा वेगळी. तिला दवाखान्यात "टीबी गोल्ड" म्हणतात. सोने म्हटले की आम्हाला सोनेतारण कर्ज आठवते. पण इथे तारण काही नाही, उलट खासगी लॅबमध्ये खिसा चांगलाच हलका होतो. रक्तातील पेशी क्षयजंतूच्या दोन विशिष्ट प्रथिनांना ओळखतात का, हे ती पाहते. ही प्रथिने बीसीजीच्या लसीत नसतात, त्यामुळे लस टोचलेली असली तरी निकाल फसत नाही, हा तिचा मोठा गुण. दुसरा गुण, एकदा रक्त दिले की पुन्हा हात दाखवायला यावे लागत नाही. या दुसऱ्या गुणाचे मोल आम्हाला स्वानुभवाने कळले. बहिणीच्या आजारानंतर घरच्यांची मांटू झाली. टोचून घेतले आणि तिसऱ्या दिवशी दाखवायला जायचे होते. पण मार्चअखेर होती, बँकेतून रात्री साडेनऊला सुटलो, आणि मुदत संपली. पुन्हा टोचून घ्यावे लागले. बहिणीने जे सुनावले ते इथे सांगण्याजोगे नाही. दवाखान्यातली माणसे चाचणी टाळतात म्हणून बोलणारे आम्ही स्वतःच टाळाटाळ करणारे निघालो, हे नोंदवून ठेवतो.

परंतु तरुण मुली या रक्ताच्या चाचणीला सर्वांत जास्त घाबरतात असे दिसले. हातावरचे माप आठवड्यात पुसले जाते. रक्ताचा रिपोर्ट छापील असतो, त्यावर नाव असते आणि "पॉझिटिव्ह" हा शब्द ठळक असतो. एक मुलगी म्हणाली, "काका, स्थळ बघायला आलेली माणसं फाईल मागत नाहीत, पण सांगणारे सांगतात." त्यात आणखी एक गोंधळ आहे. पूर्वी खासगी लॅबमधून रक्तातील प्रतिद्रव्ये पाहून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्या सर्रास होत. त्या इतक्या चुकीच्या ठरल्या की २०१२ साली भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. नव्या चाचणीचा त्यांच्याशी संबंध नाही, तरीही "रक्तात टीबी निघाला" हे वाक्य लोकांच्या तोंडी राहिलेच आहे.

आता त्या ज्येष्ठ सिस्टरच्या वाक्याकडे परत येऊ. "बीसीजी टोचलंय, म्हणून फुगणारच." हे वाक्य आम्ही इतक्या तोंडांतून ऐकले की ते खरेच असावे असे आम्हालाही वाटले. मग एका डॉक्टर स्नेह्यांनी आम्हाला सेवाग्रामच्या एका अभ्यासाची माहिती दिली. वर्ध्याजवळचे सेवाग्राम, तिथली महात्मा गांधी वैद्यकीय संस्था आणि तिचे कस्तुरबा रुग्णालय आपल्याला ऐकून माहीत आहे. तेथे २००४ च्या जानेवारी ते मे या महिन्यांत दवाखान्यात काम करणाऱ्या व शिकणाऱ्या ७२६ जणांची तपासणी झाली. प्रत्येकाची मांटूही केली आणि रक्ताची चाचणीही केली. २००५ साली तो अभ्यास अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आमच्या महाराष्ट्रातील एका खेड्यातल्या दवाखान्यातील परिचारिकांचे हात जगाने मोजून पाहिले, असे म्हणायला हरकत नाही.

त्यात काय निघाले? मांटू सुमारे ४१ टक्क्यांची सकारात्मक, रक्त सुमारे ४० टक्क्यांचे सकारात्मक. दोन्हींपैकी एक तरी सकारात्मक असलेले ३६०, म्हणजे जवळजवळ निम्मे. शंभरातील ७१ जणांच्या दंडावर बीसीजीचा व्रण होता. तो व्रण असल्याने निकालात काही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक कशाने पडला? वयाने, आणि दवाखान्यात काढलेल्या वर्षांनी. जितकी नोकरी जास्त तितकी लागण जास्त.

मित्रहो, हे ऐकून आम्ही काही वेळ गप्प बसलो. त्या सिस्टरने एकाच वाक्यात दोन कारणे दिली होती, लहानपणची लस आणि इतक्या वर्षांची नोकरी. पहिले कारण लंगडे निघाले. दुसरे खरे निघाले, आणि नेमके तेच कारण सगळ्या जणी हसून सोडून देत होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत हात फुगतो म्हणजे काय? म्हणजे वॉर्डाची हवा अंगात गेली. त्या खोलीच्या खिडक्या कधी उघडल्या होत्या का, खोकणारा रोगी किती दिवस बिनतपासणीचा इतरांत झोपला होता, पट्टी बांधायला मास्क मिळाला होता का आणि कोणता मिळाला होता, या सगळ्याचा तो हिशेब आहे. एकीचा हात फुगला तर तो तिचा निकाल. वीस जणींपैकी बारा जणींचे हात फुगले तर तो त्या वॉर्डाचा निकाल आहे, आणि तो कपाटातल्या फायलीत ठेवायचा नसतो.

आपल्या गावाची ओळख बाहेर तलावासाठी आहे तशी मध्यवर्ती कारागृहासाठीही आहे. कारागृहात क्षयाची तपासणी केली पाहिजे हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही: बंद जागा, गर्दी, तीच हवा. आतल्या माणसाला तो न्याय आपण लगेच लावतो. मग आठ-आठ तास बंद वॉर्डात खोकणाऱ्यांच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या बाईला तो का लावू नये?

सेवाग्रामच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हाला बँकेच्या सवयीने सापडली. दोन्हींपैकी एक तरी सकारात्मक ३६०; दोन्ही सकारात्मक २२६. वजा केले. उरले १३४. म्हणजे १३४ जणांना एक चाचणी हो म्हणाली आणि दुसरी नाही. आम्ही हे बहिणीला सांगितले तेव्हा तिने विचारले, "मग त्या १३४ जणांनी कुणाचं ऐकायचं?" दवाखान्यातील माणसांचा चाचण्यांवरचा अविश्वास आळशीपणातून येतो असे आम्हाला तोवर वाटत होते. या प्रश्नानंतर तसे वाटेनासे झाले. त्याच संस्थेतील वैद्यकीय व परिचर्या शाखेच्या विद्यार्थ्यांची पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा रक्ताच्या चाचणीत काही नकारात्मक होते ते सकारात्मक झाले, आणि काही सकारात्मक होते ते उपचाराविना नकारात्मक झाले. विशेषतः सीमारेषेजवळच्यांचे निकाल असे इकडून तिकडे जातात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ मध्ये आपल्यासारख्या देशांत मांटूऐवजी रक्ताची चाचणी आणू नये असे म्हटले आणि २०१८ मध्ये दोन्हींपैकी कोणतीही चालेल असे म्हटले. मोठ्यांचेच मत असे बदलते तर रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेने "जाऊ दे" म्हटले तर तिला फार दोष देता येत नाही.

अलीकडे एक तिसरी चाचणी आली आहे. टोचायची मांटूसारखी, पण द्रव्य रक्ताच्या चाचणीतील त्याच दोन प्रथिनांचे. पाच मिलिमीटरला सकारात्मक. तिला सायटीबी म्हणतात, पुण्याची सीरम संस्था ती बनवते आणि २०२२ मध्ये तिला आपल्याकडे मान्यता मिळाली. बीसीजीचा आक्षेप तिथे उरत नाही आणि लॅबही लागत नाही. तिसऱ्या दिवशी हात दाखवायला जाणे मात्र चुकत नाही.

असो. बहिणीचे पुढे काय झाले ते सांगतो. सतरा मिलिमीटरचा तो कागद फायलीत गेल्यानंतर आठ महिन्यांनी तिला संध्याकाळची कणकण येऊ लागली. वजन उतरले. "पावसाळ्याचा खोकला," ती म्हणाली. सरबत-गोळ्या झाल्या. दुसऱ्या कुणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असता तर तिने दटावून थुंकी द्यायला लावली असती. स्वतः सहा आठवडे दिली नाही. शेवटी एका रात्री आईने तिचा टॉवेल पाहिला. दुसऱ्या दिवशी सरकारी केंद्रात थुंकी दिली, त्याच दिवशी यंत्राने सांगितले: क्षय, औषधे लागू पडणारा. सहा महिने गोळ्या घेतल्या, एकही दिवस चुकला नाही. सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिना पाचशे रुपये २०१८ पासून मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. हे पैसे खात्यात जमा होतात म्हणून रोगी आमच्याच खिडकीवर आधार जोडायला येतात, आणि योजनेचे नाव सांगताना आवाज खाली आणतात. बहिणीचे खाते आम्हीच जोडले. त्या फॉर्मवर सही करताना तिनेही आवाज खाली आणला. आपल्या भावासमोर.

आई मधुमेही. तिचा फोटो स्वच्छ निघाला, रोग नाही याची खात्री झाल्यावर तिला प्रतिबंधक उपचार मिळाला: आठवड्यातून एकदा गोळ्या, बारा आठवडे. दर रविवारी बहीण समोर बसून आईला गोळ्या देई आणि आई समोर बसून बहिणीच्या रोजच्या गोळ्या मोजी.

याच काळात बहिणीला एक गोष्ट आठवली आणि तिची झोप उडाली. तिच्या वॉर्डात आमच्याच गल्लीतील एक मावशी काम करतात. अंथरुणे बदलणे, थुंकीच्या डब्या गोळा करणे, फरशी पुसणे, हे सारे त्यांचे. बहिणीहून जास्त वेळ त्या खोकणाऱ्याच्या जवळ. मांटूच्या दिवशी त्या तिथेच होत्या. ज्या ट्रेवरून सुया आल्या तो ट्रे त्यांनीच पुसला. पण यादी दवाखान्याच्या हजेरीपटावरून केली होती आणि मावशी ठेकेदाराच्या पटावर. बहीण स्वतः आजारी असताना मास्क लावून त्यांना सरकारी केंद्रात घेऊन गेली. फोटो काढला, थुंकी तपासली. रोग निघाला नाही. परत येताना मावशी म्हणाल्या, "अवो ताई, सुई टोचताना आमालाबी टोचा म्हनलं असतं की. पर आमाला कोन इचारतंय?"

चाचण्यांविषयी आरोग्य कर्मचाऱ्यांचे मत काय, असा विषय आम्हाला दिला होता. मावशींचे मत काय असेल हे विचारायला कुणी गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. मांटू चांगली की रक्त, हा वाद ज्यांना टोचले त्यांचा आहे.

नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी बहिणीने सांगायला सांगितल्या आहेत, त्या तिच्याच शब्दांत देतो. नोकरीत शिरताना पहिली मांटू करून माप लिहून स्वतःजवळ ठेवा. तेव्हा नकारात्मक असून पुढे सकारात्मक आली तर लागण नवी आहे हे कळते, आणि नवी लागण धोक्याची. एकदा सकारात्मक आली की दरवर्षी पुन्हा टोचून घेऊ नका, उपयोग नाही. मग दर वर्षी लक्षणे सांगायची आणि फोटो काढायचा. मधुमेह असेल तर तो लपवू नका. आणि आपल्या खोकल्याचे आठवडे रोग्याच्या खोकल्यासारखेच मोजा. चौथी गोष्ट तिने सांगितली नव्हती, ती आम्ही जोडतो: निकाल कुणाचा काय आला हे चहाच्या टपरीवर सांगू नका. मुली रक्ताला भिण्याचे कारण सुई नाही.

बहीण कामावर रुजू झाल्यावर तिच्याकडेच चाचणीची यादी करण्याचे काम आले. आमच्या बँकेतली मिलिमीटरची पट्टी ती घेऊन गेली आहे. बॉलपेनने बाहेरून आत रेघ ओढत जायचे, पेन जिथे अडते तिथे कडकपणाची कड, दोन्ही बाजूंनी असे करून मधले अंतर मोजायचे, हे ती नव्या मुलींना शिकवते. या वर्षीच्या छापील यादीखाली तिने निळ्या शाईने ठेक्यावरील सात बायकांची नावे लिहिली. कार्यालयातून विचारणा झाली की ही नावे कोणत्या पटावरची. तिने लिहून दिले, "वॉर्डातील." सातांपैकी पाच जणींची चाचणी झाली. उरलेल्या दोघींना टोचले, पण तिसरा दिवस त्यांच्या सुट्टीचा होता आणि सुट्टीच्या दिवशी यायला रिक्षाचे पैसे कोण देणार, हे ठरेपर्यंत ७२ तास उलटून गेले. त्यांचे पुन्हा टोचायचे आहे. यादी अजून बहिणीच्या पिशवीत आहे.